डोंगल कोणाच्या खिशात?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं ४२वं कलम गोंदिया जिल्ह्यातल्या किती सरपंचांनी वाचलं असेल, याचा अंदाज बांधायला सर्वेक्षणाची गरज नाही. कलम छोटंसं आहे. ज्याच्या नावे डिजिटल स्वाक्षरीचं प्रमाणपत्र (डीएससी) निघालं, त्याने आपली खाजगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील एवढी वाजवी काळजी घ्यायची, ती दुसऱ्याच्या हाती पडू द्यायची नाही. पडलीच, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. आणि खाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे: कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. किल्ली गेल्याचं आज लक्षात आलं आणि कळवायला आठ दिवस लागले, तर त्या आठ दिवसांत तिच्यावर जे काही होईल त्याचा जाब त्यालाच द्यायचा आहे.

हा कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. गोंदिया जिल्हा त्याच्या दीडेक वर्ष आधी, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघाला. जिल्हा आणि कायदा म्हणजे जवळजवळ बरोबरीचेच. पण दोघांची गाठ पडायला बरीच वर्षं गेली. आधी रोजगार हमीच्या मजुरीचे पैसे थेट खात्यात जाऊ लागले. त्यासाठी पंचायत समितीत ‘एफटीओ’, म्हणजे निधी हस्तांतरणाचा आदेश, निघायचा आणि त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागायच्या. मग तलाठ्यांच्या डिजिटल सहीचा सातबारा आला, पंधरा रुपयांत घरबसल्या. २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशेबाचं पोर्टल सुरू झालं आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीसाठी ग्रामपंचायतीचं चेकबुक मागे पडलं. एका बाजूला ग्रामसेवकाची डीएससी, दुसऱ्या बाजूला सरपंचाची. दोन्ही लागल्याशिवाय नालीचं बिल निघत नाही. आठ तालुके आणि सुमारे साडेपाचशे ग्रामपंचायतींच्या या जिल्ह्यात, निव्वळ पंचायतींचाच हिशेब धरला तरी, डीएससी साठवलेली हजारभर डोंगलं फिरत असणार. त्यांतली किती खरोखर मालकाच्या खिशात आहेत, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ती मालकाच्या खिशात नाहीत हा दोष सरपंचांच्या बेफिकिरीचा कमी आणि ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या कल्पनेच्या दारिद्र्याचा जास्त आहे.

आधी ते डोंगल काय करतं ते नीट पाहू. पेनड्राइव्हसारखं दिसतं, म्हणून लोक त्याला पेनड्राइव्हच समजतात. पण त्यात फाइल नसते. आत एक चिप असते आणि त्या चिपमध्येच किल्ल्यांची जोडी तयार होते. एक सार्वजनिक किल्ली, जी प्रमाणपत्रातून जगाला दाखवली जाते, आणि दुसरी खाजगी, जी चिपच्या बाहेर येत नाही. सही करायची वेळ आली की संगणक त्या कागदपत्राचा गणिती सारांश काढून चिपकडे पाठवतो. मजकुरात एक शून्य जरी बदललं तरी हा सारांश पार वेगळा येतो. चिप पिन विचारते, खाजगी किल्लीने त्या सारांशावर प्रक्रिया करून सही परत देते. ती सही बरोबर आहे का, हे सार्वजनिक किल्लीने कुणालाही तपासता येतं. खाजगी किल्लीशिवाय बनवता मात्र कुणालाच येत नाही. दोन किल्ल्यांची ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जगासमोर मांडली, आणि पन्नास वर्षं होत आली तरी तिचं गणित टिकून आहे. त्या बाजूने काळजीचं कारण नाही.

काळजी आहे ती त्या गणिताच्या अलीकडे, माणसाच्या बाजूला. डोंगलाला पडदा नाही. आपण कशावर सही करतोय हे ते दाखवू शकत नाही. पडद्यावर संगणक जे दाखवील त्यावर विश्वास ठेवायचा. आणि पिन एकदा टाकला की बऱ्याच ठिकाणी तो डोंगल काढेपर्यंत पुन्हा विचारला जात नाही. तुम्ही एका बिलासाठी पिन टाकलात आणि चहा प्यायला उठलात, तर मधल्या पाच मिनिटांत आणखी किती सह्या झाल्या हे तुम्हाला कळणार नाही. झालेल्या सगळ्या सह्या गणिताच्या दृष्टीने तितक्याच अस्सल. हाताच्या सहीची नक्कल करणाऱ्याला निदान सराव करावा लागतो, आणि हस्ताक्षरतज्ज्ञ ती पकडू शकतो. इथे पकडायला काहीच नसतं, कारण नक्कल झालेलीच नसते.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ग्रामपंचायतीत मी रोवणीच्या दिवसांत गेलो होतो. काम दुसरंच होतं. संगणक परिचालकाने बोलता बोलता टेबलाचा खण उघडला. स्टॅम्पपॅड, घरपट्टीच्या पावत्यांची पुस्तकं, आणि रबरबँडने एकत्र बांधलेली दोन डोंगलं. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, एकावर ‘सर.’, दुसऱ्यावर ‘ग्रा.’, आणि खाली बॉलपेनने आठ आकडे. दोन्हीवर तेच आकडे: १२३४५६७८. हा बऱ्याच डोंगलांचा कंपनीतून आलेला मूळ पिन असतो. तो बदलायचा असतो हे त्या कार्यालयात कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. “सरपंचबाईंना विचारूनच करतो सर,” परिचालक म्हणाला. “फोन लावतो, त्या हो म्हणतात.” तो खोटं बोलत नव्हता. बाई त्या दिवशी दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला गेल्या होत्या. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात सरपंचाचं मानधन २०२४ पर्यंत महिन्याला तीन हजार रुपये होतं. हंगामातली मजुरी सोडून बिलाबिलाला कार्यालयात येऊन बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. ग्रामसेवकाकडे दुसऱ्या गावाचाही कार्यभार. नेट कधी येईल याचा नेम नाही. आलं की त्या तासाभरात सगळं उरकायचं. त्या खणात दोन किल्ल्या एकत्र का होत्या, हे मला पाच मिनिटांत पटलं.

पटलं, आणि तरीही ते भयंकर आहे. दोन सह्यांची अट कशासाठी असते? एकाने तयार केलेलं दुसऱ्याने तपासावं म्हणून. मुंबई-दिल्लीच्या सर्व्हरला दिसतं की ग्रामसेवकाने बिल तयार केलं, सरपंचाने तपासून मंजूर केलं. प्रत्यक्षात एकाच माणसाने एक डोंगल काढून दुसरं लावलं. तपासणी झालीच नाही, पण झाल्याचा पक्का पुरावा मात्र तयार झाला. जुन्या चेकबुकाच्या काळात कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवणारे सरपंच होतेच. पण चेकबुकात पानं मोजकी असतात, आणि कोऱ्या चेकवर सही करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असतं. डोंगलाचं चेकबुक संपत नाही, आणि ते देऊन टाकणाऱ्याला आपण सही देऊन टाकतोय असं वाटतही नाही. त्याला वाटतं आपण एक यंत्र सांभाळायला दिलंय.

अशा वेळी शहरी माणूस चटकन म्हणतो: शिक्षण नाही, जागरूकता नाही, प्रशिक्षण द्या. हे मला मान्य नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत आल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोघांनी एक प्रयोग केला. ‘पीजीपी’ हे ईमेल कुलूपबंद करण्याचं आणि त्यावर सही करण्याचं तेव्हाचं नावाजलेलं सॉफ्टवेअर त्यांनी बारा जणांना दिलं. सगळे रोज ईमेल वापरणारे. दीड तास वेळ. नीट सही करून, कुलूपबंद करून पत्र पाठवणं एक तृतीयांश लोकांनाच जमलं, आणि एक चतुर्थांश लोकांनी गुपित चुकून उघड्यावरच पाठवून दिलं. या मंडळींची भाषा इंग्रजी, सॉफ्टवेअरची भाषा इंग्रजी, आणि पोटापाण्याची रोवणी कुणाला खोळंबलेली नव्हती. तरी ही गत. मग सालेकशाच्या जंगलपट्ट्यातल्या, घरात गोंडी बोलणाऱ्या, शाळा मराठीत शिकलेल्या बाईने इंग्रजी पोर्टलवर ते जमवावं, नाही जमलं तर कलम ४२ तिच्या गळ्यात, याला न्याय म्हणायचा का? प्रशिक्षण हवंच. पण जी व्यवस्था प्रशिक्षित माणसालाही अवघड जाते, तिच्या पराभवाचं खापर अप्रशिक्षितावर फोडणं ही पळवाट आहे. घरोघरच्या ‘सरपंचपतीं’ना ती सोयीची पडते. २०११ पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा आहेत. त्या जागेवर बाई निवडून येते आणि डोंगल नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात जातं. पूर्वी त्याला निदान बायकोला बैठकीला घेऊन जावं लागे, अंगठा तरी तिचाच लागे. आता तेही नको.

मग करायचं काय? इथे मला आपल्याच इतिहासातली एक व्यवस्था आठवते. मराठी राज्यकारभारात पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तबानंतर एक अक्षर घालायला जागा नाही. गणिती सारांश आज जे काम करतो तेच हे काम. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुतालिक. मोठा सरदार किंवा दरबारी अधिकारी सतत एका जागी नसायचा. स्वारीवर असायचा, आजारी असायचा, कधी वयाने लहान असायचा. त्याचा शिक्का वापरून कारभार करणारा नेमलेला माणूस म्हणजे मुतालिक. ही गोष्ट लपूनछपून नव्हती. कोण कोणाचा मुतालिक हे दरबाराला ठाऊक असे. १७५० मध्ये सांगोल्याच्या गढीत पेशव्यांविरुद्ध ठाण मांडून बसलेला यमाजी शिवदेव हा ‘प्रतिनिधी’ या दरबारी अधिकाऱ्याचा मुतालिक होता, आणि बंड कोणी केलं याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नव्हता. मुतालिक सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणत नाही. शिक्का हाती आला म्हणून धन्यापेक्षा मोठे झालेलेही होते. पण हात कोणाचा आणि शिक्का कोणाचा, हे दोन्ही कळत होतं.

आजच्या डोंगलाला हे मान्य नाही. किल्ली ज्याच्या नावाची त्याचाच हात, असं कायदा आणि पोर्टल दोन्ही गृहीत धरतात. मुळात माहिती तंत्रज्ञान कायद्याने मुखत्यारपत्रच आपल्या कक्षेबाहेर ठेवलं होतं. २०२२ मध्ये त्यात काही सूट आली तीही वित्तीय संस्थांपुरती. त्यामुळे ज्याला दुसऱ्याची मदत घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, त्याच्यापुढे उघड मार्गच उरत नाही. तो डोंगल आणि पिन देऊन मोकळा होतो. मुतालिकी बंद झालेली नाही, ती फक्त बेनामी झाली. माझी मागणी साधी आहे: परिचालकाला त्याच्या स्वतःच्या नावाची, मर्यादित अधिकाराची किल्ली द्या. नोंद त्याने करावी, आणि ती त्याच्या नावाने दिसावी. ग्रामसेवकाची सही ग्रामसेवकाची, सरपंचाची सरपंचाची. सरपंचाच्या फोनवर प्रत्येक सहीमागे मराठीत निरोप जावा, कोणाला, किती, कोणत्या कामाचे, आणि ‘ही सही मी केली नाही’ असं कळवायची सोय त्याच निरोपात असावी. काही दिवसांपुरता अधिकार उपसरपंचाला द्यायचा असेल तर तो ठरावाने, तारखेसकट, पोर्टलवर नोंदवून देता यावा आणि तारीख संपली की आपोआप संपावा.

यावर आक्षेप येईल की अशी मुतालिकी अधिकृत केली तर चोरांना रान मोकळं. मी उलट म्हणेन. आज चोराचं रान मोकळं आहे, कारण त्याच्या पावलांचे ठसे दुसऱ्याच्या चपलेचे आहेत. २०२५ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी प्रकरण बाहेर आलं. वस्ती दीड हजाराच्या आसपास, आणि त्या ग्रामपंचायतीच्या नावावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी. गावाला पत्ताच नाही. तिथे प्रश्न लॉगिनचा होता, डोंगलाचा नव्हे. पण धडा तोच. ज्या ओळखीवर सरकार डोळे झाकून विश्वास ठेवतं, ती ओळख गावाच्या हातात उरलीच नव्हती. आणि अशा प्रत्येक प्रकरणात पहिला खुलासा एकच असतो: माझं लॉगिन दुसऱ्याने वापरलं. तो खुलासा कधी खरा असतो, कधी पळवाट असते. आणि दोन्हींत फरक करता येऊ नये अशीच सोय आपण करून ठेवली आहे. कायद्यात कलम ६६ क आहे, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पण ज्याने स्वतःहून चिकटपट्टीवर पिन लिहून दिला, तो कोणत्या तोंडाने तक्रार करणार? कलम ४२ त्याच्या मागे उभंच आहे.

कुणी म्हणेल, डोंगलच काढून टाका, आधारवर ओटीपी पाठवा आणि सही घ्या. ई-साइन नावाची ही सोय आहेच. तिची रचना मला आवडते: प्रत्येक सहीसाठी नवी किल्ली तयार होते, एकदा वापरली जाते आणि नष्ट होते. प्रमाणपत्राचं आयुष्य अर्ध्या तासाचं. हरवायला, चोरायला, खणात ठेवायला काही उरतच नाही. पण मग किल्लीचं काम तो फोन करू लागतो, आणि “काकू, ओटीपी आला काय, सांगा बरं” हे वाक्य सेवा केंद्रात दिवसभर ऐकू येतं. सगळ्या किल्ल्या वर, सरकारी सर्व्हरवर ठेवा असंही सुचवलं जातं. वरचेही माणसंच आहेत. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन विभागाकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलने पकडलं आणि प्रमाणन संस्थांच्या नियंत्रकांना त्या विभागाची मधली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. किल्ली खाली ठेवा की वर, ‘ती चुकीच्या हाती गेली तर आम्ही काय करू’ याचं उत्तर आधी तयार असलं पाहिजे.

हे उत्तर तयार ठेवणारा देश म्हणजे एस्टोनिया; लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, गोंदिया जिल्ह्याएवढीच म्हणा. तिथे नागरिकाच्या ओळखपत्रात चिप असते आणि पिन दोन: एक ओळख पटवायला, दुसरा सही करायला. आपण कोण हे सांगणं वेगळं आणि मान्यता देणं वेगळं, हे त्यांनी माणसाच्या बोटांना शिकवलं. २०१७ मध्ये त्या चिपमध्येच दोष निघाला. साडेसात लाखांवर कार्डं धोक्यात आली. सरकारने ते उघड सांगितलं, नोव्हेंबरात प्रमाणपत्रं स्थगित केली आणि लोकांनी घरून किंवा कार्यालयात जाऊन ती नवी करून घेतली. मला त्यांच्या तंत्रज्ञानापेक्षा या कबुलीचं अप्रूप जास्त आहे. आपल्याकडे डोंगल हरवलं तर काय करायचं हे विचारायला माणूस पहिल्यांदा जिथून ते विकत घेतलं त्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार नवं करून देतो, फी घेतो. जुनं रद्द करायचं असतं हे दोघांच्याही मनात येत नाही. सरपंचाची मुदत पाच वर्षांची आणि प्रमाणपत्राची जास्तीत जास्त तीन. म्हणजे ते मध्येच कधीतरी संपणार आणि नवं निघणार. अविश्वास ठरावाने सरपंच गेला तर त्याचं प्रमाणपत्र कागदोपत्री जिवंतच. पोर्टलवरून त्याची नोंद काढली का, हे नव्या सरपंचाने विचारायला हवं. शिक्के, रोकडवही आणि दप्तर यांचा ताबा घेताना यादी होते. त्या यादीत डीएससीचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

आतापर्यंत सहीच्या किल्लीबद्दल बोललो. कुलपाची किल्ली वेगळी आहे, आणि दोन्हींचे नियम उलटे आहेत, हे भलेभले विसरतात. सहीच्या किल्लीची प्रत कधीही असू नये. हरवली तर रद्द करा, नवी घ्या. पूर्वी योग्य वेळी केलेल्या सह्या खोट्या ठरत नाहीत. पण ज्या किल्लीने माहिती कुलूपबंद केली ती गेली तर माहितीच गेली. ती परत आणणारा तज्ज्ञ अस्तित्वात नाही, कितीही पैसे मोजा. म्हणून तिची प्रत असायलाच हवी, आणि ती दुसऱ्या जागी. सरकारी ई-निविदांत याचा एक चांगला नमुना आहे. ठेकेदाराची निविदा ती उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांनी बंद होते. अधिकारी चार नेमले तर त्यांतल्या कोणत्याही दोघांनी किल्ल्या लावल्या की ती उघडते. एकटा कुणी आधी डोकावू शकत नाही, आणि एकाची बदली झाली, डोंगल बिघडलं, तरी काम अडत नाही. घरच्या गोष्टींतही हाच विचार उपयोगी. व्हॉट्सअॅपचा बॅकअप कुलूपबंद केला आणि चौसष्ट अंकी किल्ली त्याच फोनमध्ये नोट म्हणून ठेवली, तर फोन गेला की दोन्ही गेले. ती कागदावर लिहा, एक कागद घरी जमिनीच्या कागदांत, एक बहिणीकडे. मुलगा पुण्याला कंपनीत असेल तर त्याच्या ईमेलमध्ये ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. कर्ता माणूस अचानक गेला आणि फोन, बँकेचं अॅप, लेकीच्या लग्नाचे फोटो सगळं बंद पडलं, अशी घरं आता प्रत्येक गावात निघतील. कुलपाची किल्ली कुठे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला माहीत असावं. सहीची किल्ली कुणालाही देऊ नये.

सातबाऱ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण धान खरेदीच्या नोंदणीच्या दिवसांत त्यावरून रोज वाद होतात. डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड करून उघडला की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि माणूस घाबरतो की हा बनावट. बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं की तुमच्या संगणकातल्या सॉफ्टवेअरला भारताच्या मूळ प्रमाणन संस्थेची ओळख नसते. उलट, ज्याचा आपण डोळे झाकून स्वीकार करतो तो छापील कागद मात्र निव्वळ कागदच असतो. सही फाइलमध्ये असते. प्रिंट काढल्याबरोबर ती उरत नाही, उरतं ते तिचं चित्र. चित्र कुणीही चिकटवू शकतो. म्हणून कागद हातात घेणाऱ्याने त्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. बँका, सोसायट्या, खरेदी केंद्रं यांनी हे एवढं केलं तरी बनावट उताऱ्यांचा धंदा अर्धा बसेल.

व्यवस्था बदलायला वेळ लागेल, ती मुंबईत आणि दिल्लीत बदलते. तोवर ज्याच्या नावाची डीएससी आहे त्याला स्वतःपुरतं बरंच करता येतं, आणि त्यात अवघड काही नाही. पिन आजच बदला. जन्मवर्ष आणि गाडीचा नंबर सोडून काहीही ठेवा. तो लक्षात राहत नसेल तर लिहा, पण घरी, डोंगलापासून लांब. ठरावीक वेळा चुकला तर डोंगल बंद पडतं हेही ध्यानात असू द्या. ग्रामसेवकाचं आणि सरपंचाचं डोंगल एका खणात नको, एका इमारतीतही नको. सही आपल्या डोळ्यांसमोर, आणि झाली की डोंगल काढून खिशात किंवा पदराला. वाचता येत नसेल तर परिचालकाला रक्कम आणि नाव मोठ्याने वाचायला लावा, शेजारी बसलेल्या सदस्यालाही ऐकू जाईल असं. प्रमाणपत्राचा क्रमांक, संपण्याची तारीख आणि ते देणाऱ्या संस्थेचा फोन नंबर वहीत उतरवून घ्या. डोंगल गेलं तर आधी तिथे कळवायचं, लेखी, आणि त्याची पोच ठेवायची. कलम ४२ मधून सुटका होते ती या पोचेपासून.

देवरी आणि अर्जुनी मोरगावकडच्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करतात. ग्रामसभेचा हिशेब चारचौघांत वाचला जावा, ही रीत जिल्ह्याला परकी नाही, आणि डोंगलाला तीच रीत लावता येईल. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना आपण जातो किंवा जायला हवं. पुढच्या ग्रामसभेत घरकुलाच्या यादीआधी तीन प्रश्न विचारा: सरपंचांचं डोंगल आत्ता कुठे आहे, त्याचा पिन किती जणांना माहीत आहे, आणि मागच्या तीन महिन्यांत त्याने कोणकोणत्या बिलांवर सही झाली. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सरपंचबाई स्वतः उत्तर देत असतील तर त्यांच्या नवऱ्याला मध्ये बोलू देऊ नका.